बटण साफ केलं तो दिवस

आमचे हे गेले, तेव्हापासून घर अंगावर येतं. लेक म्हणाली, आई, तू बोलतेस तसंच टाइप कर. म्हणून करतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सगळा जन्म त्यातच गेला. काहीही अडलं की यांचं औषध एकच, तेल. दार कुरकुरलं, तेल. कुलूप अडलं, तेल. मी रुसून बसले तरी म्हणायचे, "थांब, बाटली आणतो."

मग झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दुकान बंद. हात परत आला की दुकान उघडायचं, एवढंच यांच्या डोक्यात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अंगठ्याला काम द्या. लेकीने तिचा जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिला. रिमोटचं बटण दाबलं की गाडी पळते. पहिल्यांदा गाडी जराशी पुढे गेली तेव्हा हे असे खूश झाले, की विचारू नका. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

एकदा खोकल्याचं औषध त्या रिमोटवर सांडलं. मी आपलं वरवर पुसलं. नंतर गाडी जागची हलेना.

"बटण चिकटलंय," हे म्हणाले. "अंगठा ठीक आहे माझा. तेल घाल."

मी घातलं. तर बटण आत गेलं ते वर येईचना!

लेक आली, तिने कपाळावर हात मारला. "बाबा, हे काय शिलाई मशीन आहे? आतलं रबर फुगलं असेल."

"फुगू दे. तुझ्या आईला नाही का सांभाळलं? उघड तू."

तिने स्क्रू काढले. हे बाजूला बसून हुकूम सोडत होते, "ताटलीत ठेव. ज्या जागचा त्या जागी." बटणाच्या कडेला काळा चिकटा बसला होता. तो तिने कापसाच्या काडीने, स्पिरिट लावून काढला. खालचं रबर साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, परत बसवलं. दाबून बघितलं तर गाडी सुसाट.

"आण इकडे," हे म्हणाले.

अंगठा बटणावर ठेवला. ओठ घट्ट मिटले. मानेच्या शिरा फुगल्या. गाडी तिथेच.

"अजून चिकट असेल बाबा, परत उघडते."

"तू दाब."

तिने दाबलं. गाडी पळाली.

"बघ. बटणाचं काही चुकत नाहीये," हे म्हणाले. मग म्हणाले, "तू खेळ, मी बघतो."

ती खेळायला लागली. डोळे भरलेले, गाडी भिंतीवर आपटतेय. हे ओरडतायत, "अगं डावीकडे घे! रस्ता बघ, रडतेस काय!"

सकाळी चहा पिताना मला म्हणाले, "दुकान सोडून देऊ. हत्यारं त्या शेजारच्या शिंप्याला दे. त्याला थोडंफार येतं."

मी म्हटलं, घाई कसली, येईल हात. यांनी रिकामा कप डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला.

शिंपी आला. हे एकेक पाना दाखवून सांगत होते, हा कशाला, तो कशाला. तो आपला "हो काका, हो काका" करत होता. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला ऐकवेना.