गजावरची खूण

काका गेल्याचा फोन ऑफिसात आला, तेव्हा मी "कधी?" एवढंच विचारलं आणि मनात पहिला विचार आला तो "सुटलो" असा. हे लिहिताना लाज वाटते, पण आज लाजेचंच लिहायला बसलोय. पुण्याहून तंजावरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यालाही आता महिना होऊन गेला...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पाच वर्षांपूर्वीपर्यंत मीही तंजावरलाच नोकरीला होतो. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. कावेरीच्या कालव्यांच्या कडेने सायकल हाणण्यात त्यांचा जन्म गेला. घरात मराठी, फाटकाबाहेर तमिळ आणि चिडले की इंग्रजी, असा त्यांचा कारभार. त्यांना नाद एकच. आजोबांपासून चालत आलेली, रीतसर परवान्याची ठासणीची रायफल. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी घालायची आणि वरून गजाने ठासायची. चिंधी जुन्या वेष्टीची, म्हणजे तिकडच्या धोतराची, आणि तिळाच्या तेलात भिजवलेली. काकी म्हणायची, "अय्यो, मला दोश्याला तेल पुरत नाही नि ह्यांच्या बंदुकीला रोज अभ्यंग!"

सगळं मर्म त्या नळीच्या आतल्या पिळात, म्हणजे आत कोरलेल्या मळसूत्री खाचांत आहे, हे त्यांनी मला ओसरीवर बसवून दाखवलं होतं. गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळायची, गजावर खडूने रेघ मारायची आणि मोकळ्या हाताने तो आत सरकवत न्यायचा. चिंधी पिळात धरली जाते आणि गज आपोआप फिरत जातो. आमची नळी पावणेतीन फुटांची. गज पार तळाला गेला तरी रेघ अर्धीच फिरली. "म्हणजे एका फेऱ्याला साडेपाच फूट," काका म्हणाले. "संथ पीळ. ह्याला गोल गोळीच मानवते. लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. पाण्याला उतार विचारावा बाबा, आणि नळीला पीळ."

मी विचारणारा थोडाच होतो! दिवसच तसे होते. गावात केबल आली होती, दुकानांत परदेशी माल दिसायला लागला होता आणि तिशीतला मी, बाहेरचं ते सगळं चांगलं असं मानून मोकळा झालो होतो. मेव्हणा अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्याकडून मी हौसेने सॅबोचं पाकीट मागवलं. सॅबो म्हणजे प्लास्टिकची छोटी वाटी. तिच्यात लांबट गोळी बसते, नळीचा पीळ वाटीला धरतो आणि बाहेर पडल्यावर वाटी गळून जाते. काकांनी ती बोटांत फिरवून पाहिली. "छान आहे. पण हिला दोन-सव्वादोन फुटांत एक फेरा देणारी नळी पाहिजे. आपल्याला नक्को." मला राग आला. म्हातारा जुन्याला चिकटून बसलाय, असं मी काकीजवळ बोललोसुद्धा.

वल्लमच्या बाजूच्या माळावर एका क्लबाचा वार्षिक नेमबाजीचा दिवस असे. ठासणीची रायफल चालवणारे काका एकटेच, त्यामुळे पाहुण्यांसमोर त्यांचा मान असायचा. खांदा दुखायला लागल्यापासून ठासायचं काम माझ्याकडे आलं होतं. गजावर त्यांनी लाल दोरा गुंडाळून ठेवला होता. गोळी दारूवर नीट टेकली की दोरा बरोबर नळीच्या तोंडाशी यायचा. मी ठासलं की ते दर वेळी विचारत, "खूण बसली का?" मी "बसली" म्हटल्याशिवाय ते रायफल हातात घेत नसत. आमच्यातला हा नेम कधीच चुकला नव्हता.

त्या दिवशी मी सॅबो भरले, तेही त्यांना न सांगता. नेम लागल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असा माझा बेत होता. लांबट गोळीने जास्त जागा घेतली आणि दोरा नळीच्या तोंडापासून बोटभर वर राहिला. काकांनी विचारलं, "खूण बसली का?"

"बसली."

मी तीनदा खोटं बोललो. तीन बार झाले. कागद आणला, तर त्याच्या कोपऱ्यात दोनच भोकं. तीही गोल नाहीत, चिंचोक्यासारखी लांबट. गोळी आडवी आदळली होती. तिसरी कुठे गेली ते देवच जाणे. पाहुणे गालात हसले. क्लबाचे सेक्रेटरी सौम्यपणे म्हणाले, "सार, वय झालं. हात कापतो. आता पुरे करा."

काकांनी त्या लांबट भोकावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर त्यांचा मान राहिला असता. मी खाली मान घालून गज पुसत बसलो! काकांनी आपला हात समोर धरून पाहिला. तो जराही हलत नव्हता. मग तो उपरण्याखाली घेऊन ते म्हणाले, "होय सार, कापतो आता."

त्यानंतर त्यांनी रायफल कधीच उचलली नाही. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी पुण्याला बदली मागून घेतली. दर सुट्टीत कापी, म्हणजे तिकडची कॉफी, पीत समोरासमोर बसायचो आणि तेवढं सोडून जगातलं सगळं बोलायचो. अशी पाच वर्षं गेली...

दिवसकार्यानंतर काकीने तो गज माझ्यापुढे ठेवला. रायफल ठाण्यात जमा झाली होती, गज तेवढा राहिला होता. ती म्हणाली, "हात कापतो म्हणून त्यांना बसवलं. मला तर जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत सुईत दोरा ओवून देत होते. मग त्या दिवशी काय झालं रे? तू होतास नं तिथे?"

आणि मी, घोड्याएवढा झालेला मी, म्हणालो, "वय झालं होतं, काकी."

जिवंत माणसाचा मान घालवला तो घालवला, मेल्यावरही त्याच्यावर खोटं रचलं. परत येताना गाडीत मला स्वतःची किळस आली. म्हणून हे लिहायला घेतलं. अर्धं लिहून झाल्यावर ध्यानात आलं, की काकीला देवनागरी येत नाही. ती बोलते आपली जुनी मराठी, पण वाचते तमिळ. म्हणजे कबुली द्यायची, तीही जिला द्यायची तिला वाचता येणार नाही अशी. शाबास रे पठ्ठ्या!

तेव्हा तिकीट काढलंय. हे मासिकात छापून आलं की तो अंक घेऊन तंजावरला जाणार आणि काकीसमोर ओसरीवर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचणार. "सुटलो"सकट. मग ती घरात घेईल किंवा न घेईल. गज इथे टेबलाला टेकून उभा आहे. लाल दोरा तेलाने काळपटलाय, पण जागचा हललेला नाही. येताजाता नजर पडते, आणि काका विचारतात, "खूण बसली का?"

नाही बसली, काका. बोटभर वर होती.