डॉक्टरने हात जोडले

डॉक्टर केबिनबाहेर आला. समोर बाकावर माझी बायको छाती धरून बसलेली. त्याने तिच्याकडे बघितलं, हसला आणि हात जोडले. मतं मागताना जोडतात तसे. मागे हारवाले. गाडीचं दार लागलं. गेला.

मी ओरडलो, "डॉक्टर, नाडी तरी बघा हिची!"

दारावरचा माणूस म्हणाला, "काका, साहेब हवे पेशंट नथी जोता. सिव्हिल जाओ."

आता पेशंट बघत नाहीत म्हणे. मग दवाखान्याची पाटी कशाला ठेवली?

रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकलं तिने. म्हणाली, "गर्दीत ओळखलं नसंल त्यानं." सिव्हिलचं फाटक यायच्या आधीच गेली. मरताना बी त्याचीच बाजू.

घेणारच ना. धुळ्याकडून सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत आलो तेव्हापासून हाच आमचा डॉक्टर. तिला मावशी म्हणायचा. आमच्या चाळीत कुणाला ताप आला की स्कूटरवर यायचा, ओट्यावर बसून तिच्या हातची कळण्याची भाकरी खायचा. निवडणुकीला उभा राहिला तर ही दारोदार फिरली. "आपला डॉक्टर हाये, आपल्याला काय सोडतो?" तोही चाळीसमोर बोलला, "मावशी, खुर्ची मिळाली तरी दवाखाना बंद नाही. कधीही हाक मार."

मारली होती हाक.

दहाव्याला आला. आमच्यात दहाव्याला सासुरवाडीचे लोक दुखवट्याची टोपी-उपरणं आणतात. ज्याच्या हातून घेतलं तो आपला, त्याला आपलं दुःख. माझा मेहुणा टोपी घेऊन उठला तर डॉक्टरच्या माणसाने त्याला मागे सारलं. "पहिले साहेब." डॉक्टरने माझ्या खांद्यावर शाल टाकली. पक्षाची. निशाणी छापलेली. एकाने माझी हनुवटी धरली. "काका, इधर देखो, कॅमेरे में."

कंपनीत सुपरवायझर फिरवील तसा फिरलो मी जन्मभर. त्या दिवशी मान फिरली नाही.

शाल काढली. डॉक्टरच्या हातात दिली.

"अहो काका, लोक बघतायत," तो हळूच म्हणाला.

"बघू द्या. दुखवटा नातलगाचा असतो. तुम्ही कोण?"

तो शाल चुरगाळत उभा राहिला. मी मेहुण्यापुढे डोकं वाकवलं.

आता त्याची सभा लागली की मी पुढे जाऊन बसणार. तो बोलायला लागला की उठणार. भर लोकांत विचारणार, मावशी मरत होती, तू गाडीत का बसलास? माईक बंद करतील. बखोटीला धरून काढतील. काढू द्या. पुढच्या सभेला परत जाईन. जीव आहे तोवर जाईन. उत्तर दिल्याशिवाय त्याची एक सभा सुखाने होऊ देणार नाही.