हुकापलीकडची नदी

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साडेपाचची बस, सव्वासहाला गेटवर सही, मग शिडी. दोनशे चाळीस पायऱ्या, सरळ उभ्या. एकतीस वर्षं त्याने टॉवर क्रेन चालवली आणि तेवढ्या काळात शिडीवर मध्येच थांबून दम खाताना मी त्याला एकदाच पाहिलं, तेही अंगात ताप असताना. मी खालचा. माल हुकाला अडकवायचा आणि वायरलेसवरून त्याला सांगायचं: उचल, डावीकडे घे, सोड. वरून उत्तर एकच यायचं, "हं." म्हणून साइटवर त्याचं नाव पडलं आकाशवाणी.

घरीही तोच कारभार. वहिनींनी एकदा मला विचारलं, "भावोजी, तुमच्याशी तरी बोलतात का हो?"

"हं म्हणतो."

"मग नशीबवान आहात. आम्हाला तेही मान हलवूनच मिळतं."

शेवटची इमारत होत आली होती. पस्तीस दिवसांनी क्रेन सुटी करून नेणार होते आणि त्याच दिवशी तो निवृत्त होणार होता. त्यानंतर तेवढ्या उंचीवर त्याला कुणी चढू देणार नव्हतं. वहिनींचे गुडघे गेलेले, घराचा जिनाही त्या बसत बसत उतरायच्या. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "एकतीस वर्षं त्या डब्यात बसून काय बघितलंत, ते एकदा मला दाखवा. सांगणं काही तुम्हाला जमायचं नाही."

त्याने ते मनावर घेतलं. नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणला. सोबतची पुस्तिका क्रेनची वाचावी तशी पहिल्या पानापासून वाचली; येत नसलेल्या भाषांची पानंही एकदा उलटून पाहिली. मग इंजिनिअरसाहेबांची परवानगी काढली. साहेब म्हणाले, "काम चालू असताना कॅमेरा हातात दिसला, तर त्याच दिवशी खाली उतरवीन." उंचीवर नेलेली प्रत्येक वस्तू बांधलेली असावी लागते. त्याने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला आणि शिवाय कॅमेरा दोरीने कमरेच्या पट्ट्यालाही बांधला. फोटो काढायचे ते भोंगा व्हायच्या आधी किंवा सुट्टी झाल्यावर.

पहिले पाच फोटो त्याने आम्हा कामगारांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "निसर्ग."

फिटरने विचारलं, "आभाळ रजेवर आहे का?"

रंगारी म्हणाला, "हा निसर्ग आहे की मालाची यादी?"

चूक नव्हती त्यांची. पाचही फोटोंत बरोबर मधोमध काहीतरी होतं. वाळूचा ढीग, सळ्यांची मोळी, सिमेंटचा ट्रक, पाण्याची टाकी, आणि पाचव्यात मी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. क्षितिज एकातही नव्हतं. क्रेनवाल्याची नजर हुकाबरोबर खाली उतरते. माल जिथे टेकायचा तिथे ती आधी जाऊन बसते. एकतीस वर्षं ज्याने हेच केलं, त्याच्या हातात कॅमेरा दिला तर तोही खालीच बघणार.

त्या रविवारी मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. वहिनींनी चष्मा लावला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला.

"ही वाळू?"

"हं."

"आणि हे?"

"सळ्या."

वहिनींनी कॅमेरा खाली ठेवला. "एकतीस वर्षं तुम्ही हेच बघत होता?"

आवाजात टोमणा असता तर त्याला सोपं गेलं असतं. नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. तिथल्या बाईंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "काका, सगळं मध्ये कशाला ठेवता? वस्तू जरा बाजूला घ्या. नजरेला फिरायला जागा सोडा."

"मध्ये नाही म्हणजे माल झोल खातोय," तो म्हणाला.

त्यांना हसू आलं. त्याने विनोद केला नव्हता. हुकाखाली मधोमध नसलेला माल झोल खातो आणि खालच्या माणसाचं डोकं फोडतो. खालचा माणूस म्हणजे मी, त्यामुळे त्याच्या या सवयीबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण त्याने हट्ट सोडला नाही. रोज सकाळी वीस मिनिटं लवकर यायचा. म्हणजे त्याचा दिवस आता चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होत होता. नदी वरून दिसायची, ती फोटोत आणायची होती. कधी धुकं, कधी धूळ, कधी काचेवर दव. आणि सगळं स्वच्छ असलं की बटण दाबायच्या क्षणी हात आपोआप वळायचा आणि नदीवरचा पूल बरोबर मधोमध येऊन बसायचा, जणू तो उचलून कुठेतरी ठेवायचा आहे. फोटो मला दाखवायचा आणि स्वतःच पुसून टाकायचा. दिवस उरले चार.

सुट्टीला क्रेन बंद करताना तिच्या फिरण्याचा ब्रेक सोडून द्यायचा असतो. मग रात्रभर वारा नेईल तसा तिचा लांब हात वळतो. करकचून धरून ठेवली, तर जोराच्या वाऱ्यात क्रेन आडवी होते. नियम असा, की ब्रेक सोडला की उतरायचं. हे त्याने हजारो वेळा केलं होतं. त्या संध्याकाळी त्याने ब्रेक सोडला आणि उतरला नाही.

वारा अगदी मंद होता. क्रेनचा हात हळूहळू वळू लागला, बरोबर केबिनही. मी खालून वायरलेसवर ओरडलो, "अरे उतर ना! घरदार आहे की नाही?"

"थांब जरा," वरून आवाज आला. "आत्ता मी चालवत नाहीये."

एवढं लांब वाक्य मी वायरलेसवर त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. दहा मिनिटं तो वर होता. समोर काय येईल ते त्याच्या हातात नव्हतं. जे येत गेलं त्यावर तो बटण दाबत गेला. खाली आल्यावर मी त्याला दोन शिव्या दिल्या. नियम तो नियम.

चाळीस फोटोंतले अडतीस हललेले. एकात माझी सायकल. उरलेला एक जरा तिरका होता. कडेला केबिनच्या खिडकीची पट्टी आलेली, वर भरपूर आभाळ, माळावर ढगाची सावली. नदी कोपऱ्यातून निसटून चाललेली, आणि तिच्या पलीकडे झाडांची एक रांग. मधोमध काहीच नाही.

ग्रुपवर रंगाऱ्याने लिहिलं, "हा चांगला आहे. कुठून ढापलास?"

वहिनींनी तो पाहिला तेव्हाही मी होतो. चहा गार होईपर्यंत त्या बघत होत्या. मग झाडांवर बोट ठेवून म्हणाल्या, "याच्या पलीकडे काय आहे?"

"माहीत नाही."

"अहो, रोज दिसत होतं ना?"

"दिसायचं. पण माल तिथे उतरवायचा नव्हता."

वहिनी आधी हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. "मग बघून येऊ," त्या म्हणाल्या.

बसची पायरी त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. निवृत्त झाल्यावर शेवटचा पगार हातात आला, त्यातून त्याने दिवसभरासाठी गाडी ठरवली. वहिनींना पुढे बसवलं. झाडांच्या रांगेपलीकडे नुसतं मोकळं गवत होतं आणि लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेला एक ओंडका. दोघं त्यावर बसली. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "साहेब, थांबण्याचे वेगळे पडतात हं."

"पडू देत," तो म्हणाला.

जन्मभर कामाचे पैसे घेतले त्याने. त्या दिवशी थांबण्याचे दिले, पूर्ण तीन तासांचे.