शर्टाच्या आतली डबी

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसत बसतो आणि बायको विचारते, "आता काय झालं?"

तेव्हा मी लातूरला ठाणेदार होतो आणि सोनसाखळी चोरांनी उच्छाद मांडला होता. थंडीच्या दिवसांत एका सकाळी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, एकजण लॉजमधून निघालाय. शर्टात काहीतरी दाबून धरलंय, लई घाईत हाय." नाकाबंदीवर आमच्या पोरांनी त्याची दुचाकी अडवली आणि त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं.

पंचेचाळिशीचा साधा माणूस. थंडीतही कपाळावर घाम. शर्टातला हात काही बाहेर निघेना.

"काय आहे आत?"

"काही न्हाई साहेब. जाऊ द्या, उशीर व्हायलाय."

झडतीला दोन पंच लागतात. हवालदाराने समोरचा पानवाला आणि एक रिक्षावाले चाचा बोलावून आणले. पंचांना पाहताच हा गडी मटकन खाली बसला. "लॉकअपमध्ये टाका साहेब, पण चारचौघांत उघडू नका. पाया पडतो."

पकडलेला चोर आधी दाराकडे बघतो. हा सारखा घड्याळाकडे बघत होता. मी पंचांना बाहेर बसवलं, दार लोटलं आणि त्याला पाणी दिलं. मग तो बोलला.

राहणारा जळकोटकडचा. बहिणींची लग्नं उरकता उरकता याचं लग्न चाळिशीत झालं. मूल होईना. तपासण्या बायकोच्या, उपास बायकोचे आणि टोमणेही तिलाच. आईने तर दुसरी सोयरीक बघायला घेतली होती. शेवटी बायकोच्या हट्टापायी यानं स्वतःची तपासणी केली, तर दोष याच्यात निघाला. वय वाढतं तसं पुरुषाचं बीजही मंदावतं आणि तंबाखू त्यात भर घालते, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. त्याने तंबाखू सोडली, औषधं घेतली. आज बायकोच्या उपचाराचा दिवस होता. त्यासाठी याच्या बीजाचा नमुना लागत होता, पण दवाखान्यात दाराबाहेर माणसं, त्यामुळे याला तो देणं जमेना. म्हणून डॉक्टरांना विचारून लॉजवरून नमुन्याची डबी घेऊन निघाला होता. ती तासाभरात, अंगाच्या उबेत पोचवायची होती.

"ती तिकडं वाट बघायलीय साहेब. आज हुकलं तर आई तिला नांदू देत न्हाई."

मी ताडकन उठलो. "ड्रायव्हर, जीप काढ!"

"साहेब, पंचनामा?" हवालदार गोंधळला.

"कसला पंचनामा? याला दवाखान्यात पोचवायचंय."

बाहेर बसलेल्या चाचांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, दवाखाना कुठला ते विचारलं आणि रिक्षाची किल्ली काढली. "गंजगोलाईच्या बाजारात गर्दी हाय. मागच्या गल्लीनं काढतो, माझ्या मागं या."

पुढे भोंगा वाजवत रिक्षा, मागे सायरन लावलेली जीप आणि जीपमध्ये छातीशी हात धरून बसलेला आमचा संशयित! लोकांना वाटलं, कुणी मंत्री आलाय. डबी वेळेत पोचली. मला इतका आनंद दरोडेखोर पकडूनही कधी झाला नव्हता.

पहिल्याच खेपेला सगळ्यांना यश येतं असं नाही. त्यांना आलं. पुढच्या वर्षी नवरा-बायको लेकीला घेऊन ठाण्यात आले. पेढे वाटताना जमादारांनी बाईंना विचारलं, "कुठला नवस फळला, ताई?"

तिने तोंड उघडायच्या आत नवराच खणखणीत आवाजात बोलला, "नवस न्हाई जमादार. कमी माझ्यात होती. वय झालतं, तंबाखू होती. इलाज केला. हिचा काही दोष नव्हता." सगळं ठाणं ऐकत होतं आणि त्याची बायको पदर डोळ्यांना लावून हसत होती.

चोरीचा माल आम्ही पुष्कळ शोधून काढला, पण पुरुष आपली लाज लपवतो तसं काहीच कुणी लपवत नाही, आणि शिक्षा मात्र घरातली बाई भोगते. त्या दिवसापासून घरगुती तक्रार आली की मी नवऱ्याला आधी एकट्याला बसवून विचारू लागलो.

ते निघाले तेव्हा आमचा एक शिपाई पेढा हातात तसाच धरून त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नसलेला, बायकोला दोनदा माहेरी धाडलेला हा गडी. इकडेतिकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "दादा, त्यो दवाखाना नेमका कुठं हाय?"