खूपसुरत

द्वारकाबाईच्या बापानं लेकीला आंदणात कुत्री दिली, याचं तिच्या सासरच्या गावाला पुढं कैक वर्षं हसू येत होतं. लोक गाय देतात, भांडी देतात, निदान एखादी शेळी तरी देतात. वडीगोद्रीच्या त्या म्हाताऱ्यानं करड्या रंगाचं, वाकड्या शेपटीचं एक पिल्लू लेकीच्या पदरात टाकलं आणि व्याह्यांपुढं हात जोडले. पण ते त्यानं उगाच उचललेलं नव्हतं. पिल्लं खेळात दंग झाली की तो त्यांच्या मागं जाऊन पितळी ताट जमिनीवर टाकायचा. ज्याचे कान सगळ्यात आधी फिरतील, ते पिल्लू ठेवायचा. "रंग काय चाटायचा हाय? राखणीचं कुत्रं कानावरून बघावं," असं तो म्हणायचा.

त्या पिल्लाचं नाव भिंगरी. दुधनेच्या काठावरच्या त्या गावात, परतूरपासून कोसभरावर, भिंगरीनं लोकांचं हसू हळूहळू बंद केलं. तिच्यामुळं हरभऱ्यात रानडुकरं शिरेनात. शेताच्या वाटेवर ती द्वारकाबाईच्या पुढं चालायची आणि गवतात काही सळसळलं की पाय रोवून उभी राहायची. एका भर दुपारी कडब्याच्या गंजीनं पेट घेतला, तेव्हा हिनंच भुंकून भुंकून अख्खी आळी गोळा केली, नाहीतर गोठा बैलांसकट गेला असता. सासरी द्वारकाबाईला आपलं म्हणावं असं फार काही नव्हतं. भिंगरी मात्र तिची होती, आणि हे त्या दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

आता बद्रीनाथाकडं वळू. हा द्वारकाबाईचा नवरा. माणूस वाईट नाही, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत; पण ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं, त्याच्याबद्दलही लोक हेच म्हणतात. रान पिकत होतं, बैल धट्टेकट्टे होते, घरात भाकरीची ददात नव्हती. एकच कमी होती. जन्माला आल्यापासून त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

ती कमी निजाम सरकारच्या तहसीलदारानं एका वाक्यात भरून काढली. साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या टांग्याचं चाक कुरकुरायला लागलं म्हणून वंगण घालायला टांगा नेमका बद्रीनाथाच्या दारात थांबला. अंगणात भिंगरीची पिल्लं लोळत होती. त्यातली दोन पांढरीशुभ्र, निळसर डोळ्यांची. साहेबांना वेळ जात नव्हता. त्यांनी एका पांढऱ्या पिल्लाकडं काठी रोखली आणि म्हणाले, "वाह, क्या खूबसूरत कुत्ता है."

साहेबांचं बोलणं संपायच्या आत पिल्लू साहेबांच्या मांडीवर होतं. टांगा गेला, धूळ बसली, आणि बद्रीनाथ तिथंच उभा. मग तो तडक महेमूद पिंजाऱ्याच्या घरी गेला. महेमूद शेजारीच राहायचा, कापूस पिंजायचा, आणि त्याच्या घरात उर्दू चालायची.

"खूबसूरत म्हंजे काय, महेमूदभाई?"

"खूब म्हंजे अच्छी. सूरत म्हंजे तोंड," महेमूद म्हणाला. "कुणी कुणाला म्हन्लं?"

कुणी कुणाला म्हटलं, हे मग गावाला पाठ होईपर्यंत ऐकावं लागलं. खूबसूरत हा शब्द काही गावाच्या तोंडात बसेना. त्याचा 'खूपसुरत' झाला. द्वारकाबाईनं तो ऐकला तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "सुरत खूप हाय, ते कळलं. बाकी काय हाय?" तेव्हापासून गावात कुणी नुसताच नटूनथटून मिरवायला लागला की लोक त्याला खूपसुरत म्हणायला लागले. बद्रीनाथाला यातला टोमणा कधी कळला नाही.

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी त्याची गत झाली. उरलेल्या पांढऱ्या पिल्लाचं नाव त्यानं 'नवाब' ठेवलं. त्याला रिठ्यानं आंघोळ. त्याच्या गळ्यात लाल गोंडा. त्याला बसायला गादी, तीही महेमूदकडून नव्या कापसाची करून घेतलेली. भिंगरी बिचारी पावसाळ्यातही वळचणीला बसायची.

नवाब जरा मोठा झाला तसं द्वारकाबाईच्या मनात काहीतरी खटकायला लागलं. हाक मारली तर तो यायचा नाही. तोंडासमोर भाकरी धरली तर यायचा. एक दिवस ती पितळी ताट घेऊन त्याच्या मागं गेली आणि बापासारखं ते फरशीवर टाकलं. गोठ्यातले बैल दचकले. शेजारच्या अंगणात मैमूनाबी, म्हणजे महेमूदची बायको, "काय पडलं गं?" म्हणून बाहेर आली. नवाब गादीवर डोळे उघडे ठेवून बसला होता, त्याचा कान हलला नाही.

"अहो, हे बहिरं हाय," तिनं नवऱ्याला सांगितलं.

बद्रीनाथानं तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "बहिरं न्हाई, खानदानी हाय. खानदानी असं लगेच मान वळवत न्हाई. तहसीलदार साहेबाला मागून हाक मारून बघ, वळतो का?"

पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत अशी, की गावातले निम्मे लोक बद्रीनाथाच्या बाजूचे झाले. एवढं पांढरं, एवढे निळे डोळे, आणि हाकेला ढुंकून बघत नाही म्हणजे काहीतरी मोठंच असणार, हे त्यांना लगेच पटलं. मोठ्या माणसांकडून त्यांना तरी दुसरा काय अनुभव होता?

मोठ्या लोकांना द्यायला आणखी पांढरी पिल्लं पाहिजेत म्हटल्यावर पांढरा नर आणि पांढरी पिल्लं झालेली मादी, एवढा हिशेब बद्रीनाथाला जमला. ती मादी त्या नराची आई आहे, हे त्याच्या हिशेबात कुठं बसत नव्हतं. द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला.

"मायलेकाचा जोड लावून राह्यले तुमी? वळूसुद्धा लोक दुसऱ्या गावचा बघतेत."

"जनावराला काय नातं कळतंय?" बद्रीनाथ म्हणाला.

"जनावराला न्हाई कळत. म्हणून तर देवानं ते मान्साच्या हाती दिलं."

त्याचा उपयोग शून्य. भिंगरी व्याली. पिल्लं मोठी होतात न होतात तोच पुन्हा गाभण, पुन्हा व्याली. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, पोट लोंबायला लागलं, आणि शेताच्या वाटेवर ती द्वारकाबाईच्या पुढं चालायची ती मागं पडायला लागली. पांढरी पिल्लं बद्रीनाथ गोंडा बांधून मोठ्यांच्या दारी पोचवायचा: एक परतूरच्या अडत्याला, एक देशमुखांना, एक तहसिलीच्या पेशकाराला, म्हणजे साहेबांच्या कारकुनाला. करडी, काळी, ठिपक्यांची निघायची ती टोपलीत भरून दुधनेच्या डोहात जायची. तेही स्वतःच्या हातानं टाकायची याची छाती नव्हती. टोपली रखमाजी गड्याच्या हाती द्यायची आणि आपण तोंड फिरवून नवाबाच्या अंगावरून हात फिरवायचा.

दिलेल्या पिल्लांचं पुढं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही. ते गावाला बाजारच्या दिवशी कळायचं. अडत्याच्या वखारीत चोर शिरले तेव्हा पांढरं कुत्रं सरकीच्या पोत्यावर झोपलं होतं; चोरांनी शेजारचं पोतं उचललं तरी त्याची झोपमोड झाली नाही. अडत्यानं त्याला हाकलून दिलं. देशमुखांचं कुत्रं रस्त्यात ऊन खात पडलं होतं, मागून कापसानं भरलेली गाडी उतारावरून आली. गाडीवान ओरड ओरड ओरडला. ते उठलंच नाही. ही बातमी द्वारकाबाईनं घरी सांगितली. बद्रीनाथ म्हणाला, "गाडीवानच आंधळा असंल."

शेवटच्या वेळी तिनं कधी नव्हे ते त्याच्यापुढं पदर पसरला. "पुरं झालं. म्हातारी झाली ती. तिच्यात आता काय उरलं न्हाई."

"एकच डाव. तहसीलदाराच्या बी वरच्या तालुकदार साहेबाच्या पोरीचं लगीन हाय. तिथं पिल्लू दिलं की बघ."

काय बघायचं होतं ते त्यालाच ठाऊक. भिंगरी व्याली आणि उठली नाही. द्वारकाबाईनं तिच्या तोंडात कोमट दूध घातलं, ते बाहेर आलं. दुपारी कधीतरी ती गेली. तोवर बद्रीनाथ पिल्लं उलटीपालटी करून रंग बघत होता. पांढरं एकच निघालं.

टोपली घेऊन रखमाजी निघाला तेव्हा द्वारकाबाई त्याला नदीच्या वाटेवर आडवी गेली. तिनं टोपलीत हात घातला. किती काढणार? घरात लपणार किती? रखमाजी मान खाली घालून उभा होता. तिच्या पायातलं जोडवं दगडावर वाजलं, तसं टोपलीतल्या एका करड्या पिल्लानं मिटल्या डोळ्यांनीच तोंड तिकडं वळवलं. इतकी लहान पिल्लं काय ऐकतात, देव जाणे; तिला मात्र तसं वाटलं. तेवढं एक तिनं पदराखाली घेतलं. बाकीच्यांचं रडणं तिनं वाटेवर उभं राहून ऐकलं, आणि आयुष्यभर तिच्या कानातून ते गेलं नाही.

पिल्लू तिनं मैमूनाबीच्या घरी नेलं. मैमूनाबी दचकून मागं सरली. "कुत्रं घरात न्हाई चालत आमच्यात, द्वारकाबाई. नमाज होत न्हाई मंग."

"घरात नगं. शेळ्यांत ठेव."

मैमूनाबीनं सूप आणलं. मग हात न लावता, सुपानं उचलून तिनं ते शेळीच्या करडाशेजारी सारलं आणि म्हणाली, "शेळ्यांत बिलकुल चालंल." शेळीच्या दुधावर ते वाढलं. ज्या घराच्या उंबऱ्यात कुत्र्याला पाय ठेवायची मुभा नव्हती, त्या घरानं ते जगवलं; आणि ज्या घरात कुत्र्याला गादी होती, त्या घरानं त्याच्या आईला मारलं. पिल्लाला दोघी 'करडी' म्हणायच्या. बद्रीनाथाला त्या वाकड्या शेपटीवरून कधीच संशय आला नाही, कारण पांढरं नसलेलं कुत्रं त्याच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं.

मग एका वर्षी जमाबंदीला तेच तहसीलदार पुन्हा गावात आले. बद्रीनाथानं तालुकदाराला द्यायचं राहून गेलेल्या त्या शेवटच्या पांढऱ्या कुत्र्याला रिठ्यानं घासून, गोंडा बांधून चावडीवर नेलं आणि साहेबांच्या पायाशी ठेवलं.

"ये क्या है?" साहेब म्हणाले.

"खूबसूरत कुत्ता, सरकार. पहिल्याचा भाऊ."

साहेबांना काही आठवेना. शेजारच्या चपराश्यानं त्यांच्या कानात सांगितलं. "अच्छा, वो," साहेब म्हणाले. "वो तो बहरा निकला. किसी को दे दिया." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. तांब्या आला, तर म्हणाले, खूबसूरत. चावडीवरच्या कडुलिंबाला म्हणाले, खूबसूरत. पाटलाच्या घोंगडीलाही म्हणाले. आणि मैमूनाबीच्या शेळ्या पुढून चालल्या होत्या, साहेबांचा घोडा बिथरला, तेव्हा शेळ्या आणि घोडा यांच्या मधे पाय रोवून उभ्या राहिलेल्या करडीला बघून म्हणाले, "ये कुत्ता भी खूबसूरत है."

तांब्या, लिंब, घोंगडी यातलं बद्रीनाथाला काहीच ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं ऐकू आलं. चावडीवरून तो थेट दोरी घेऊनच मैमूनाबीच्या अंगणात आला. द्वारकाबाई तिथं गवऱ्या द्यायला आलेली होती. शेळ्यांच्या दावणीशी करडी बसली होती.

"ही कुत्री भिंगरीच्या पोटची हाय," तो म्हणाला. वाकडी शेपटी त्याला आज दिसली होती. "आपलीच हाय. हिला नवाबासंगं ठेवायची. आता करडा रंग चालून राह्यला साहेबाला."

द्वारकाबाईच्या हातातून गवऱ्यांची पाटी खाली आली. तिला राग आला, किळस आली, आणि आजवर बाळगलेली सगळी भीड एका क्षणात गळून पडली. ती दोरीच्या आणि कुत्रीच्या मधे जाऊन उभी राहिली.

"भिंगरी माझ्या बापानं मला आंदण दिल्ती, तुमाला न्हाई. तिची लेक माझी हाय. हिला दोरी लावायची न्हाई."

अंगणात लोक जमले होते. लोकांदेखत बायकोशी झोंबणं बद्रीनाथाला बरं दिसेना, म्हणून त्यानं सोपा मार्ग काढला. तो खाली वाकला, चुटकी वाजवली आणि लाडानं हाक मारली, "यू, यू, करडे, ये."

करडीचे कान ताठ झाले. ते त्याच्या आवाजाकडं फिरले, हे सगळ्यांनी बघितलं. कान फिरले, पण मान फिरली नाही. ती शेळ्यांकडंच बघत राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा, जरा चढ्या आवाजात.

"हिला ऐकू येत न्हाई काय?" तो चिडून म्हणाला.

"येतं की. बराबर येतं," द्वारकाबाई म्हणाली. "खानदानी हाय. अशी लगेच मान वळवत न्हाई."

सगळ्यात आधी मैमूनाबी हसली, तोंडाला पदर लावून. मग रखमाजी हसला, आणि मग कुणालाच आवरेना. बद्रीनाथानं दोरी गुंडाळली आणि तो घरी निघाला. दारात नवाब आडवा पसरला होता, पार उंबरा अडवून. "उठ," बद्रीनाथ म्हणाला. "उठ रे, नवाब. उठ." शेजारच्या अंगणातून लोकांना त्याचं ते उठ, उठ बराच वेळ ऐकू येत होतं.