जखम शोधणारे सर

पटकथा हातात दिली की श्रीरंग सर ती वाचायच्या आधी हुंगत. खरंच हुंगत. डोळे मिटून, पानं नाकाजवळ नेऊन. मग मान हलवून म्हणत, "मातीचा वास नाही गं याला." माझ्या पटकथेला झेरॉक्सच्या दुकानाचा वास होता, दुसरा कुठला येणार? पण वर्गातली बाकीची मंडळी लगेच काहीतरी लिहून घ्यायला लागली, म्हणून मीही पेन उघडलं.

मी त्यांच्याकडे पोचले ती एका पटकथा स्पर्धेतून. बक्षीस काय, तर सरांच्या अंधेरीतल्या कार्यशाळेत सवलतीत प्रवेश. कार्यशाळा चांगली केली तर काय, तर पुढच्या स्पर्धेत थेट प्रवेश. सिनेमा करायला कोणी देत नाही, शिकवायला मात्र सगळे तयार. एक संस्था तेवढी दरवर्षी एका नव्या लेखकाला फिल्म करायला निधी द्यायची, आणि तिच्या अंतिम फेरीत सरांच्या वर्गातली मुलं हमखास असायची. मला तो निधी हवा होता. माझ्या ओळखीत निर्माता नाही, घरात कोणी या धंद्यात नाही. दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

सर मूळचे पार्ल्याचे. खादीचा कुडता, पायात कोल्हापुरी, आणि गाडी अशी की आमच्या गल्लीत वळलीच नसती. चहाच्या सुट्टीत ते आमच्यात येऊन बसत, कोणाच्याही प्लेटमधला वडा उचलत, अर्धा खात आणि उरलेला परत ठेवत. "आपण एक कुटुंब आहोत रे!" तो उष्टा वडा मग कोणी खायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. काही जण खात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण माणसाला काम येत होतं, हे कबूल करायला हवं. माझ्या पहिल्याच प्रसंगातल्या सुरुवातीच्या ओळी त्यांनी पेन्सिलीने उडवल्या. "दार वाजलं, आली, बसली, पाणी घेतलं... कशाला? भांडण पेटलंय तिथून लिही. आम्ही मागून येतो धावत." आणि तो मेलेला प्रसंग माझ्यासमोर उठून बसला. तेव्हा वाटलं, या माणसाचे सगळे वडे माफ.

माझी गोष्ट हसरी होती. माझी थोरली बहीण हेमाताई आमच्या माहुलच्या घरातून रोज मासळी विकायला बाजारात जाते. तिच्या शेजारीच आमची काकी बसते आणि दोघींचा अबोला. सगळं बोलणं गिऱ्हाइकातून. "त्या बाईला सांगा, तुझी सुरमई कालची हाय." गिऱ्हाईक बिचारं निरोप पोचवतं. यावर मी दोन सख्ख्या बहिणींची पटकथा लिहिली होती. ती वाचून सर हसले, पोट धरून हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "छान. आता धाकटीला मार."

"का सर?"

"जखम कुठाय? हसवणारे ढीगभर आहेत. तुझ्याकडे माहुल आहे, रिफायनरी आहे, धूर आहे! लोक मरतात गं अशा बॅकग्राउंडसाठी."

"सर, मरतात ते माहुललाच मरतात."

"हे वाक्य घाल!" ते ओरडले.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी ताठ मानेने सांगते. सर तेच वाक्य दुसऱ्यांना सांगत तेव्हा असा सुस्कारा सोडत, जणू मला कसला आजार आहे. त्या निधीच्या अंतिम फेरीला मीही निवडले गेले. फेरीच्या आधी त्यांचा मेसेज आला, 'साधी साडी नेस. इस्त्री नको.' मी कडक इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. धाकटीलाही मारलं नव्हतं.

अंधेरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये परीक्षक बसले होते. मी गोष्ट सांगितली, दोन्ही बहिणींचे आवाज काढून सांगितली. परीक्षक हसत होते. एक बाई तर खुर्चीत मागे रेलून हसल्या. मला वाटलं, झालं, मिळालं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून श्रीरंग सर उठले.

"एक सांगू? ही मुलगी स्वाभिमानी आहे, ती सांगणार नाही," त्यांचा आवाज भरून आला होता. "ही हिच्याच सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. गेली ती. तिकडच्या हवेने घेतली. हे सगळं हसणं त्या जखमेवरचं आहे."

हसणाऱ्या बाईंनी हात तोंडावर नेला. एकाने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं, आणि काय लिहिलं असेल ते मला कळलं. आता मी नुसतं गप्प राहायचं होतं. फिल्म माझी होती.

माझ्या ताईचा असा उष्टा तुकडा करून यांनी सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला होता.

"माझी बहीण जिवंत आहे," मी म्हटलं. "आत्ता बाजारात बसलीय. फोन लावू?"

निधी दुसऱ्याला गेला. गंमत म्हणजे परीक्षकांची नाराजी सरांवर नव्हती, माझ्यावर होती. त्यांचं रडू मी वाया घालवलं होतं.

बाहेर लिफ्टपाशी सरांनी मला गाठलं. रागाने नव्हे, अगदी कळवळून म्हणाले, "अगं वेडे, फिल्म तर मिळाली असती! नंतर केली असती तिला जिवंत."

मी जिन्याने खाली उतरले. पुन्हा त्या कार्यशाळेत गेले नाही.

घरी ताई मासळी कापायचा कोयता घासत होती. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मेले कशानं मी?"

"हवेनं."

"आनि पैसा?"

"नाही मिळाला."

"मंग काय गो, फुकटच मेले मी?" आणि ती इतकी हसली की आई आतून धावत आली.

बऱ्याच महिन्यांनी सरांचा फोन आला. आता ते स्वतःच एका नव्या स्पर्धेचे परीक्षक झाले होते आणि त्यांना मंचावर बसवायला 'माजी विद्यार्थिनी' हव्या होत्या. मी अंघोळीला गेले होते. फोन ताईने उचलला.

"कोन? सर? मी तीच, तुमी मारलेली."

दुसरा कोणी असता तर फोन ठेवून दिला असता. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तोवर ताई फोन कानापासून लांब धरून, तोंड कसनुसं करून उभी होती. स्पीकरवरून सरांचा आवाज येत होता, गोड, उत्साही:

"वा वा, काय आवाज आहे तुमचा! कॅमेऱ्यासमोर थोडं रडाल का?"