वरच्यांचं पान

चंद्रप्रभावहिनींच्या सांडग्यांवर मी पाय दिला. नजरचुकीने एखादा चुरडला असं नव्हे, तर ऑफिसच्या बुटांसकट चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. पायाखाली काहीतरी कुरकुरतंय हे लक्षात आलं तेव्हा दचकून जी उडी मारली, ती वाचलेल्या कोपऱ्यात. कोहळ्याचे ते सांडगे त्यांना अख्खा हिवाळा पुरवायचे होते, हे मला नंतर कळलं.

थोडा दोष इमारतीचाही होता. फरीदाबाद संपून मोहरीची शेतं सुरू होत, तिथे ही सोसायटी उभी होती. उभी म्हणजे नुसतीच उभी. बिल्डर काम अर्धं टाकून नाहीसा झाला होता आणि सात मजल्यांत एकच कुटुंब राहत होतं, तिसऱ्यावर. बाकीच्या घरांना दारं नव्हती, खिडक्यांच्या जागी भोकं होती. मी खालून "पद्माकर, आहेस का?" अशी हाक मारली, तर सगळ्या मजल्यांवरून "आहेस का, आहेस का" अशी उलट माझीच चौकशी झाली. ज्या दिशेने ती सर्वांत आपुलकीने होत होती तिकडे मी चढत गेलो आणि थेट गच्चीवर निघालो. दिवस मावळत होता, अंधारून आलं होतं, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

वाळवण उचलायला वहिनी वर आल्या तेव्हा मी एका पायावर उभा होतो. त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"आठ नंबर?"

"नऊ."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून धड सांडगे वेगळे काढू लागल्या.

पद्माकर माझा कॉलेजातला मित्र. जुन्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो बरीच वर्षं होता. मग देशात नव्या गाड्या आल्या, सगळ्यांना आनंद झाला, आणि पद्माकरच्या कारखान्याला कुलूप लागलं. भाडं परवडेना म्हणून ही मंडळी अर्धवट बांधलेल्या, पण स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पद्माकर आता बल्लभगडला एका हार्डवेअरच्या दुकानात उभा राही आणि रात्री उशिरा येई. घर चालत होतं ते वहिनींच्या हातावर. त्या वर्षी दिल्लीत कांदा सफरचंदाच्या वर गेला होता. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये बायका कांद्याची चर्चा सोन्यासारखी, दार लावून करत. वहिनींनी तो सरळ घराबाहेर काढला होता.

मी तिथे नुसता भेटायला गेलो नव्हतो. पद्माकरचे थोरले बंधू गुलाबराव यांनी नागपूरहून माझ्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात फोन केला होता. माणूस प्रेमळ, घरचा बरा, मूलबाळ नाही. जाऊन त्यांच्या ताटात काय पडतं ते बघ, असं त्यांनी मला सांगितलं होतं. पोटभर नसेल तर कळव, मी येतो आणि रेवतीला घेऊन जातो, तेवढंच त्यांचं एक तोंड कमी होईल. रेवती पद्माकरची एकुलती एक, नऊ-दहा वर्षांची मुलगी. थोरल्या दिरांपुढे वहिनींनी आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. गुलाबराव म्हणतील ते होणार, हे सगळ्यांनीच धरलं होतं. थोडक्यात, ती पोर त्या घरात राहणार की जाणार हे माझ्या जेवणावर होतं. माझ्या जेवणावर आजवर माझं वजन सोडून दुसरं काहीच अवलंबून नव्हतं.

वहिनींना मी काही बोललो नव्हतो. पण जिना उतरताना त्या मागे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, थोरल्यांनी पाठवलंय ना तुम्हाला? बघा मग नीट. घरात एक शब्द मात्र काढायचा नाही..." आणि तिथेच अडखळल्या, जीभ चावली. "टाळायचा. नकाराचा."

कारण खाली दारात उभ्या असलेल्या रेवतीने सांगितलं. तिची मराठी दिल्लीतली. "काका, इथे जे बोलू ना, ते वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते. बिल्कुल सच. लिफ्टच्या जागेत बोलून बघा."

लिफ्ट बसलीच नव्हती. तिच्या जागी प्रत्येक मजल्यावर एक उभं काळं भोक होतं, दोन फळ्या आडव्या ठोकलेलं. मी खाकरून पाहिलं. खाकरणं खाली गेलं, बराच वेळ तिथे राहिलं, आणि वर आलं तेव्हा ते माझ्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाचं होतं. वास्तूची कल्पना माझ्याही आजोळी होती, पण तिथे ती बिचारी कोपऱ्यात गप्प बसे. ही बोलकी होती. मी मनातल्या मनात ठरवलं की आपण जेवायला आलोय, उगाच वाद नको.

घरातही मग त्याच चालीचं बोलणं. तेल तळाला गेलं तर "तेल आणायचंय". पेल्यात दूध कमी असेल तर "आज चहा काळा छान लागेल". वहिनी सहज बोलत, मला मात्र प्रत्येक वाक्य आधी तपासावं लागत होतं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही नकार न वापरता बोलणं किती अवघड असतं, हे मला तिथे कळलं.

स्वयंपाक चालू असताना मी ओट्याशी उभा राहून, दिलेलं काम करत होतो, म्हणजे बघत होतो. ताकातला चाकवत होता. पाला समोरच्या शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, आणि ताक गावातल्या म्हशीवाल्यांच्या घरी लोणी काढल्यावर मागेल त्याला देतात. त्याला चमचाभर बेसन लावून लसणाची फोडणी. कोहळ्याच्या सालींची चटणी, कोहळा अर्थातच पडक्या कुंपणावरचा. बाजरीच्या भाकरी. आणि माझ्या बुटांखालून वाचलेले चार सांडगे, तळलेले.

मग वहिनींनी एक जास्तीचं ताट वाढलं. लहानसं, पण सगळं असलेलं, वर एक अख्खी भाकरी.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"वरच्यांचं."

वरची घरं रिकामी आहेत, असं मी म्हणणार होतो, पण वाक्य वेळेवर गिळलं. वहिनींनीच समजावलं, भाकरी थापता थापता, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा सुरात. राहायला आल्यावर त्यांनी आपल्या घराची वास्तुशांत केली होती. वरच्या घरांची कुणी करायचं? भिंती उभ्या राहिल्या, घरं झाली, पण त्यांच्या तोंडी घास घालायचा राहूनच गेला.

"एवढ्या इमारतीत चूल एकाच घरात पेटते, भाऊजी. बाकीची घरं वास घेत बसतात." त्यांनी भाकरी उलटली. "पहिल्या महिन्यात सारखं काही ना काही सांडायचं. डाळ नासायची, पिठाला जाळी धरायची. मग रोज एका घरात पान दाखवायला लागलो. दाखवायचं आणि परत आणून आपणच जेवायचं, वाया काय जातंय? तेव्हापासून पुरतं."

"आणि ते माझ्याच हातचं घेतात," रेवती अभिमानाने म्हणाली. "मम्मी गेली तर तसंच राहतं."

मी तिच्याबरोबर वर गेलो. हातात मेणबत्ती होती, ती धरण्याचं धाडसी काम माझ्याकडे. पाचव्या मजल्यावर एका घरात शिरलो. सिमेंटचा ओटा, भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी, जमिनीवर वाळू. वाळूवर आमच्याखेरीज पावलं नव्हती, हे मी उगाचच पाहून ठेवलं. रेवतीने ओट्यावर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, "जेवा हं" म्हणाली आणि मला हाताला धरून पाठमोरं केलं.

"पाठ करायची असते, काका. जेवताना कुणाला बघतात का?"

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. वारा पडला होता. मी मुंगूस, मांजर, घूस अशी प्राण्यांची उजळणी करत होतो, तेवढ्यात मागे आवाज झाला. कडक भाजलेली बाजरीची भाकरी मोडल्याचा. आपल्या ताटात आपण रोज करतो तो, अगदी साधा आवाज. मोडणाऱ्याला घाई नव्हती.

मेणबत्ती माझ्याच श्वासाने विझली. रेवतीने ताट उचलून आणलं. जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या चांदण्यात मी पाहिलं: भाकरीची एक चतकोर गेली होती.

"तू खाल्लीस?" मी हळूच विचारलं.

तिला रागच आला. "मी कशाला खाऊ? वो तो उनका है ना." मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आज आवडली त्यांना."

खाली आलो आणि जेवायला बसलो. मी कामाला जागायचं ठरवलं होतं. पुन्हा वाढा म्हटलं, वहिनींनी वाढलं. आणखी थोडं म्हटलं, तेही आलं. चाकवत असा झाला होता की आमच्या घरी सणाच्या दिवशीही इतकं मन लावून मी जेवत नाही. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा आत पळी भांड्याच्या तळाला घासल्याचा आवाज आला. वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी ते छोटं ताट, चतकोर गेलेल्या भाकरीसकट, माझ्यापुढे सरकवलं. भाजी गार होती, माठातल्या पाण्यासारखी गार, आणि वर जाऊन तिला वीस मिनिटंही झाली नव्हती. रेवती आपलं पान आटपून पोटभर ढेकर देत होती. तिचे गाल माझ्या मुलांच्या गालांपेक्षा भरलेले होते, हे मला कबूल करायला हवं. मी ते ताट संपवलं. सोडण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

निघताना वहिनी मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या, रेवती त्यांच्या पदराशी. लिफ्टच्या भोकातून गारवा येत होता. माझं मन दोन्हीकडे होतं. पोटभर होतं, हे खरं. पण अंधारात, रिकाम्या घरांना जेवू घालत वाढणारी ही पोर नागपूरला, भरल्या गल्लीत, काका-काकूंच्या लाडात असती तर, हेही मनात येत होतं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"त्यांना रेवतीची सवय लागलीय," वहिनी हळू म्हणाल्या. "परवा ती शाळेच्या सहलीला आग्र्याला गेली, तर वर दिवसभर सामसूम. आणि तिकडे हॉटेलात तिच्या ताटातली पोळी कुणीतरी मोडून नेली. बाईंनी साऱ्या वर्गाला उभं केलं."

रेवतीने मान हलवली. "चतकोरच," ती म्हणाली.

फळ्यांच्या पलीकडे, वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, भांड्याला भांडं लागल्यासारखं झालं. मी ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि बुटांची नाडी आवळली.

"मग वहिनी," मी विचारलं, "गुलाबरावांना काय सांगू?"

वहिनींनी लिफ्टच्या काळ्या भोकाकडे तोंड केलं आणि संध्याकाळभर टाळलेला शब्द मोठ्याने, स्वच्छ उच्चारला.

"सांगा, ती एकटी येणार नाही."